चौदा जणींची मापं

"सर, ही सही माझ्याकडनं होणार नाय," असं म्हणून नरहरीने पेन टेबलावर ठेवलं, तेही टोपण लावून.

मुख्याध्यापक शैलेश सरांनी कपाळाला हात लावला. "अरे नरू, कंपनीकडे मदत मागायचा अर्ज आहे, तीनच ओळी आहेत. शाळेकडे व्हॉलीबॉलचं नेट नाही, बॉल नाही, मुलींना बूट नाहीत. खेळ तू घेतोस, म्हणून सही तुझी."

"बूट नाय, हे खरं. पण नेट हाय. मी स्वतः विणलंय. बॉल पण हायत दोन."

"उद्या कंपनीची माणसं बघायला येणार. तुझं घरगुती नेट टांगलेलं दिसलं की म्हणतील, यांचं भागतंय. मग बस आयुष्यभर विणत."

नरहरी बोईसरच्या त्या शाळेत सव्वीस वर्षं शिपाई होता. शाळा कारखान्यांच्या मागे, भाड्याच्या खोल्यांच्या दाटीत, आणि मुलांचे आईबाप शिफ्टवर जाणारे. खेळाचे शिक्षक शाळेला मंजूर होते, फक्त ते कधी आले नव्हते. म्हणून घंटा झाली की नरहरीच खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मैदानात उतरायचा आणि चौदा मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचा. तो जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरचा, मच्छीमाराच्या घरातला. जाळं विणायची सुई लहानपणापासून हातात, त्यामुळे मुलींसाठी त्याने एका दिवाळीच्या सुट्टीत नायलॉनच्या दोऱ्याचं नेट विणून काढलं होतं. शैलेश सरही नवापूरचेच, नारळाच्या वाडीवाल्यांच्या घरातले. एकेकाळी दोघे गावच्या संघातून खेळायचे. नरहरी बॉल वर करून द्यायचा, शैलेश उडी घेऊन मारायचा. टाळ्या अर्थातच मारणाऱ्याला मिळायच्या, पण नरहरीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

नरहरीला दोन वाईट सवयी होत्या. तो खोटं लिहून द्यायचा नाही, आणि मित्राला नाहीही म्हणायचा नाही. अशा माणसाचं जे व्हायचं तेच झालं. त्या संध्याकाळी त्याने नेट सोडलं, दोन्ही बॉल पिशवीत घातले आणि सगळं नवापूरला बहिणीच्या घरी नेऊन टाकलं. आनंदीला वालाचे वेल चढवायला काहीतरी हवंच होतं. तिने भावासमोरच कोयत्याने नेटचे तीन तुकडे केले. बॉल आळीतल्या पोरांनी पळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरीने सही केली. आता कागदावरचं सगळं खरं होतं. आठ दिवस कुठेतरी लपवून ठेवलं असतं तरी चाललं असतं, हे कोणीही सांगितलं असतं. पण या भल्या माणसाने विचारलं कुणाला?

पुढचा महिनाभर मुली दोन खांबांना दोरी बांधून बॉलशिवाय खेळल्या. उड्या मारायच्या, हात चालवायचे, नरहरीने "आउट!" म्हटलं की भांडायचंसुद्धा.

"मामा, हवेला किती दिवस मारायचं ओ?" प्रियदर्शिनी विचारायची. ती संघाची कॅप्टन. तिचे वडील पुंजाराम जालन्याकडून येऊन कारखान्यात लागलेले.

"येतंय. पालघरच्या स्पर्धेआधी सगळं येतंय. माझा शब्द हाय."

मग कंपनीने बुटांची मापं मागवली. एकीलाही स्वतःचं माप ठाऊक नव्हतं, कारण चपला बहुतेकींच्या थोरल्या बहिणीच्या. नरहरीने एकेकीला जुन्या वर्तमानपत्रावर उभं केलं, पावलाभोवती पेन्सिल फिरवली आणि आत नाव लिहिलं. छोट्या किंजलला इतक्या गुदगुल्या झाल्या की तिचं पाऊल तीनदा काढावं लागलं.

शुक्रवारी कंपनीचा टेम्पो आला. नेट, बारा बॉल, नाव लिहिलेल्या खोक्यांत चौदा जोड बूट. फलक लागला, हार घातले, मुलींनी खोके छातीशी धरून फोटो काढले. "बूट सोमवारी घालायचे हं, आज नको," शैलेश सर म्हणाले. नरहरीने सामान खोलीत रचलं आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

सोमवारी सकाळी त्याने कुलूप काढलं तर खोली रिकामी. तो धावतच ऑफिसात शिरला. "सर, चोरी झाली!"

"चोरी नाही रे," सर हाताशी असलेल्या फायली नीट करत म्हणाले. "दुसरी किल्ली माझ्याकडे असते ना. काल पालघरला गेलं सामान. आपल्या संस्थेच्या इंग्रजी शाळेत."

"परत कवा येणार?"

"परत नाही येणार. ती फीवाली शाळा, तिला कंपनी देत नव्हती. म्हणून आपल्या नावावर मागवायचं, असं संस्थेत ठरलं होतं."

"कवा ठरलं?" नरहरीच्या बोलण्यातून 'सर' हा शब्द गळाला. "माझी सही घेतलीस, तवा तुला ठावं होतं?"

शैलेशने चष्मा काढून पुसला. "मलाही वरच्यांना तोंड द्यावं लागतं, नरू. दोन वर्षं राहिलीत माझी."

"बूट तरी ठेवायचे, शैलेश. मापं माझ्या पोरींची हायत."

"होतील रे तिथे कुणालातरी."

नरहरीला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. संस्थेने फसवलं असतं तर तो दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. संस्था म्हणजे कोण, हे त्याने कधी पाहिलंही नव्हतं. पण शैलेशला तो पोरवयापासून ओळखत होता, निदान तसं समजत होता. तो बाहेर आला आणि दिवसभर घंटा वेळच्या वेळी देत राहिला.

संध्याकाळी मुली मैदानात आल्या. रोज धावत येणाऱ्या पोरी आज जपून, पाय उचलून टाकत येत होत्या. चपला हातात होत्या आणि चौदाही जणींच्या पायांत कोरे पांढरे मोजे होते.

"मामा, बघा!" किंजलने एक पाय वर केला. "आयनं काल बाजारातनं आणले. बुटात नुसता पाय घालायचा नाय, म्हणाली."

नरहरीने सकाळपासून जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवली. त्याने सरळ सांगून टाकलं. "बूट नाय येणार. नेट नाय, बॉल नाय. सगळं पालघरच्या दुसऱ्या शाळेला दिलं. आपलं जुनं होतं, ते मीच घालवलं."

कुणी रडलं नाही. प्रियदर्शिनीने एवढंच विचारलं, "पन मामा, तुमी शब्द दिलता ना?"

"दिलता," नरहरी म्हणाला. त्याने खाली पाहिलं. मुलींच्या पायांखाली लाल माती होती. "मोजे काढा गं," तो म्हणाला. "मळतील."

तेरा जणी मैदानाच्या कडेला बसल्या आणि मोजे काढून, झटकून, घडी घालून दप्तरात ठेवू लागल्या. प्रियदर्शिनी बसली नाही. तिने दप्तर खांद्याला लावलं आणि चपला हातातच ठेवून, मोज्यांनीच मातीतून चालत ती फाटकाबाहेर गेली.