पाकिटावरची कोरी ओळ

बाबांनी पकडलेलं शेवटचं फुलपाखरू नखाएवढं, राखाडी-निळं. कागदी पाकिटावर त्यांच्या अक्षरात तारीख होती. ‘स्थळ’पुढची ओळ कोरी.

स्थळ ते घरी येऊन, हात धुऊन, शाईने लिहीत. बाहेर घाईत लिहिलेलं चुकतं, म्हणत. त्या दिवशी दारात बूट काढायला वाकले, ते उठलेच नाहीत. त्याला आज अकरा दिवस झाले.

संग्रहालयातल्या बाईंचा सकाळीच फोन आला. “चारला बैठक आहे. ही जात त्या खडकाळ टेकडीवर आहे असं दाखवलं, तरच तिथली खाण थांबेल. पण स्थळ नसलेला नमुना मी पुढे ठेवू शकत नाही. फोटोही चालणार नाही, हिच्यासारख्या दिसणाऱ्या आणखी दोन जाती आहेत.”

“लिहून टाक ना तूच,” दादा म्हणाला. “तुझं अक्षर अगदी बाबांसारखं.”

“ते टेकडीवरच गेले होते कशावरून?”

“मग काय सासुरवाडीला?”

मी हसले. पेन उघडलंसुद्धा. मग टोपण लावलं आणि जाळं उचललं.

ऊन असेल तोवरच ही फुलपाखरं उडतात. बाबा जेवताना सांगायचे, आम्ही ताटात बघत बसायचो. दीड वाजेपर्यंत टेकडीवरच्या काटेरी झुडपांवर काही नव्हतं. दोनला ढग आला.

“चिमे, अडीचला निघावंच लागेल,” दगडावर बसलेला दादा म्हणाला.

दोन वीस. ढग सरकला. दादाच्या बुटाजवळून चिमूटभर धूळ उडाल्यासारखं झालं आणि ती धूळ झुडपाच्या टोकावर जाऊन बसली.

“हलू नकोस.”

“हलतोय कसला, पाय बधिर झालाय.”

जाळं टाकलं. काट्यात अडकून टरकन फाटलं. फडफड भोकापासून दोन बोटांवर होती. मी जाळी मुठीत आवळली, बाबा घेत तसा फुलपाखराच्या छातीला हलका चिमटा घेतला. फडफड थांबली. हे त्यांनी मला कधी करू दिलं नव्हतं.

“चल, घरी जाऊन लिही.”

“नाही. इथेच.”

गुडघ्यावर पाकीट ठेवून तारीख लिहिली, स्थळ लिहिलं. ‘कोणी पकडलं’पुढे हात जरा थांबला. मग माझं नाव लिहिलं.

चारला दहा कमी असताना संग्रहालयात बाईंनी भिंग लावलं.

“हीच,” त्या म्हणाल्या. मग बाबांचं पाकीट माझ्यापुढे सरकवलं. “यावरही आता टेकडी लिहायची का?”

“नको,” मी म्हणाले. “ते कुठे गेले होते, मला माहीत नाही.”