पाचव्या धावेची चौथी चक्कर

रविवारच्या निवड चाचणीत नणंद जिंकली आणि भावजय हरली. दोघींमध्ये अंतर होतं जेमतेम पाऊण मिनिटाचं, आणि परदेशातल्या स्पर्धेसाठी क्लबकडे जागा होती एकच.

त्या शर्यतीची चिरफाड करायचं काम ज्याच्या गळ्यात पडलं तो एकीचा भाऊ होता आणि दुसरीचा नवरा. क्लबात त्याला सगळे दुर्बीण म्हणत. खेळाडूंच्या शर्यतींचं चित्रण पुन्हा पुन्हा बघायचं, कोण कुठे दमला, कुणाचा गुडघा आत वळतो, कोण उगाच दम वाया घालवतो ते शोधून काढायचं, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. त्याची खोली व्यायामशाळेच्या वर होती. खालच्या रबरी गाद्यांचा वास आणि वजनं आपटल्याचे आवाज दिवसभर जिन्यावरून वर येत.

शर्यत अशी, की एक किलोमीटर धावायचं आणि एक कसरत करायची, पुन्हा एक किलोमीटर आणि पुन्हा वेगळी कसरत. असं आठ वेळा. कधी वजनाने लादलेली स्लेड, म्हणजे बिनचाकांची लोखंडी गाडी, ढकलायची, कधी ती दोराने ओढायची, कधी खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन गुडघे टेकत चालायचं. नुसता धावणारा इथे कसरतींत मरतो आणि नुसता पैलवान धावण्यात.

सोमवारी सकाळी प्रशिक्षक मॅडमचा फोन आला. आवाजामुळे मुलं त्यांना पाठीमागे करवत म्हणायची.

"उद्या चारला बैठक. तुझी बायको नेमकी कुठे गळपटली ते मला हवंय. राखीव म्हणून तिला ठेवायची की नाही ते ठरवते. आणि हो, भिंगरीची पाचवी धाव सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखव. बर्पी मारून आल्यावर अशी पळाली, जसं काही मागे कुत्रं लागलंय! पोरांना कळू दे जिगर काय असते ते."

भिंगरी म्हणजे त्याची बहीण. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव तिशी उलटली तरी चिकटून होतं.

त्याने आकडे उघडले आणि पाचव्या धावेपाशी थांबला. बर्पी म्हणजे जमिनीवर पालथं पडायचं, उठायचं आणि पुढे उडी घ्यायची. ऐंशी मीटर असं बेडकासारखं गेल्यावर पायांचं शिसं होतं. झाडून सगळ्यांची पाचवी धाव मंदावली होती. भिंगरीची मात्र तिच्या पहिल्या, ताज्या पायांच्या धावेपेक्षाही वेगवान निघाली होती.

वेळ मोजणारी पट्टी बिघडली असेल, असं त्याला आधी वाटलं. पण त्याच पट्टीवरून बाकीचे गेले होते आणि त्यांचे आकडे बरोबर होते. मग त्याने चित्रण लावलं. कॅमेरा त्यानेच सभागृहाच्या सज्जात ठेवला होता. वरून सगळं दिसत होतं, फक्त एका वळणावर खांब मध्ये यायचा. एका धावेला चार चकरा. पट्टी फक्त कसरतींच्या जागेच्या दारात, चकरा ज्याने त्याने आपल्या मोजायच्या. मोठ्या स्पर्धेत त्यासाठी माणसं असतात, इथे घरचंच कार्य म्हणून कुणी नेमलं नव्हतं.

भिंगरीच्या डोक्याला लाल पट्टा होता. तो लाल ठिपका खांबामागे जायचा, बाहेर यायचा. एक. दोन. तीन. आणि लाल ठिपका दारातून आत शिरला.

त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. मग आणखी हळू लावलं. खांबामागे एखादी चक्कर लपली असेल, अशी वेडी आशा होती. पण खांबामागे माणूस लपतं, पाव किलोमीटर लपत नाही. चौथी चक्कर नव्हतीच. एका चकरेला मिनिटाहून जास्त लागतं, आणि ती जिंकली होती पाऊण मिनिटाने.

त्याने पडदा बंद केला. खाली कुणीतरी वजन आपटलं तसा तो दचकला.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली. गप्प बसलं तर कुणालाही कधी कळणार नव्हतं. दुर्बिणीच्या मागून आणखी कोण बघणार? पण मग उद्या त्यालाच ती धाव मोठ्या पडद्यावर दाखवून टाळ्या मिळवून द्यायच्या होत्या, आणि हरलेली बायको त्याच खोलीत बसून त्या ऐकणार होती. बोलावं तर जग म्हणणार, बायकोसाठी सख्ख्या बहिणीच्या पायात पाय घातला.

त्यात भिंगरीची ही चौथी चाचणी. आधीच्या तिन्ही वेळा तिची संधी थोडक्यात हुकली होती. आणि बायकोला या खेळात आणलं होतं तेही भिंगरीनेच. "वहिनी, चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसून कमरेचा काटा मोडेल तुझ्या, चल माझ्याबरोबर," म्हणत हाताला धरून नेलं होतं. स्लेड ढकलायला तिनेच शिकवलं. पुढे शिष्या गुरूच्या बरोबरीला येऊ लागली, तशा दोघी वेगवेगळ्या वेळी सरावाला जाऊ लागल्या. भांडण असं नव्हतंच, फक्त आधीची चेष्टामस्करी थांबली होती.

संध्याकाळी बायको गुडघ्यांवर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती.

"निघालं का काही? कुठे हरले मी?"

"बघतोय अजून."

"स्लेडलाच मागे पडले असणार. हात लटपटत होते."

"पाचव्या धावेला भिंगरी पुढे गेली, तेव्हा तुला काही दिसलं?"

तिने पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "मला माझेच पाय दिसत नव्हते, तिचे काय दिसणार? जिंकली ती. सोड ना."

मंगळवारी दुपारी तो भिंगरीच्या ड्रायव्हिंग स्कूलवर गेला. ती शिकवणीच्या गाडीत बसून होती. शिकाऊ बाई नुकत्याच उतरून गेल्या होत्या. तो चालकाच्या जागी बसला. तिच्या पायांपुढेही एक ब्रेक होता, शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो तसा.

"काय रे दादा, पेढे मागायला आलास?" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं? घरी बरंय ना सगळं?"

त्याने फोन पुढे केला. तिने चित्रण बघितलं. लाल ठिपका दारातून आत गेला तरी ती बघतच राहिली.

"मग?"

"तीनच झाल्या, भिंगरे."

"खांब आहे मध्ये."

"खांबामागून तू तीनदाच बाहेर आलीस."

तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. "मी चार मोजल्या. चार! मी चोरटी आहे का?"

"तसं मी म्हटलंय का? चुकून झालं. दमलं की होतं कुणाचंही."

"आणि हे नेमकं तुलाच सापडलं. एवढ्या जणांतून माझीच धाव बघितलीस तू." तिने फोन त्याच्याकडे ढकलला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही. वहिनीने पाठवलं तुला?"

"तिला माहीतही नाही. आधी तुझ्याकडे आलो."

"का? मी स्वतःहून जाऊन सांगावं म्हणून? म्हणजे तुझे हात स्वच्छ?"

हे त्याला लागलं, कारण ते अगदी खोटं नव्हतं. समोरून एक मोटारसायकल गेली, तसा भिंगरीने सवयीने ब्रेक दाबला. गाडी बंदच होती.

"मला आठवत नाही," ती शेवटी म्हणाली. "तुला काय दाखवायचंय ते दाखव. मी काही बोलणार नाही. उतर, माझी पुढची बाई आली."

चारला खोलीत सात-आठ खेळाडू दाटीवाटीने बसले होते. बायको खिडकीजवळ होती. भिंगरी दाराशी, हाताची घडी घालून. मॅडम म्हणाल्या, "चला, दाखव ती वाघीण."

त्याने मोठा पडदा लावला. "मॅडम, ती धाव दाखवतो. पण जिगर म्हणून नाही. चकरा मोजायला."

त्याने लाल ठिपक्याभोवती वर्तुळ काढून ठेवलं होतं. तिसऱ्या चकरेनंतर ठिपका आत गेला, तेव्हा एकाने नकळत "अरे!" म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

मॅडमनी चष्मा काढला. "पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं.

"तुला कळतंय ना, तू कोण आहेस?" त्यांचा आवाज आज करवतीसारखा नव्हता, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. "जिची जागा जाईल ती बहीण, जिला मिळेल ती बायको. कॅमेरा तुझा, आणि मध्ये खांब. बाहेर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणतील. खांब धरूनही तीनच होतात."

मॅडम त्याच्या बायकोकडे वळल्या. "तू तेव्हा तिच्या आसपासच धावत होतीस. खरं सांग, तू काय बघितलंस?"

बायकोने एकदा दाराकडे बघितलं. "माझं लक्ष नव्हतं, मॅडम. मला नाही सांगता येणार."

"अगं, काय खोटं बोलतेस!"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. भिंगरीने हाताची घडी सोडली होती.

"खोटं बोलतेय ती," भिंगरी म्हणाली. "मी दाराकडे वळले तेव्हा ही माझ्या शेजारी होती. ओरडून म्हणाली मला, 'अजून एक आहे!' मी ऐकलं. चांगलं ऐकलं. मला वाटलं..." ती थांबली. "मला वाटलं, डाव टाकतेय. मला उगाच एक चक्कर जास्त पळवायला. म्हणून मी थांबले नाही. आत्तापर्यंत मी तसंच धरून बसले होते. पण डाव टाकणारी बाई आज मला वाचवायला खोटं बोलली नसती."

बायको खाली बघत होती. मॅडमनी विचारलं, "मग चाचणी संपल्यावर का नाही बोललीस?"

"माझीच मला खात्री नव्हती. तेव्हा डोक्यात नुसता धूर होता, कदाचित मीच चुकले असेन. आणि हरल्यावर तोंड उघडायचं म्हणजे रडीचा डाव. कोण ऐकून घेतं?"

नियम सरळ होता. चक्कर कमी, तर निकाल रद्द. मॅडमनी तो दोन वाक्यांत सांगितला आणि मग त्याच्या बायकोला विचारलं, "जाशील?"

आता ही नको म्हणेल, मोठेपणा दाखवेल, असं खोलीतल्या बऱ्याच जणांना वाटलं असावं. तिने एकदाच श्वास घेतला.

"जाईन."

भिंगरी कुणाकडे न बघता जिना उतरून गेली. तो उठायला लागला, तर बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "आत्ता नको. आत्ता तू समोर गेलास तर तिला रडताही यायचं नाही."

त्यानंतर भिंगरीने त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. फोन केला तर उचलायची, "बरी आहे" म्हणायची आणि ठेवायची. क्लबात कुणी त्याला शाबासकी दिली, कुणी पाठ फिरताच "बाईलवेडा" म्हटलं. दोन्ही त्याच्या कानावर आलं. कामात मात्र त्याचं मन लागेना. कुणाचंही चित्रण लावलं की तो आधी चकरा मोजायचा.

बायको परदेशी जाऊन धावली आणि आपल्या गटात मधेच कुठेतरी आली. ना धड पुढे, ना धड मागे. परत आल्यावर दोन दिवसांनी ती खाली सरावाला लागली आणि तो वर तिची शर्यत बघत बसला. जिन्यावर पावलं वाजली. भिंगरी दारात उभी होती.

तिने काही विचारलं नाही. खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी बसली. "लाव."

त्याने लावलं. दोघं बघत राहिली. स्लेड ओढायची वेळ आली तशी भिंगरी पुढे वाकली.

"थांब. मागे ने. हे बघ, कमरेतून ओढतेय. मी असं शिकवलं होतं का हिला? पाय कुठेत, पाय?"

"सांग की तिला."

"मी बोलत नाही तिच्याशी."

"मग मी सांगतो."

"तुला काय कळतंय त्यातलं! तू आयुष्यात कधी स्लेड ओढलीयेस?" ती ताडकन उठली, जिन्याच्या कठड्यावरून वाकली आणि खालच्या सगळ्या गोंगाटावर ओरडली, "वहिनी! वर ये जरा!"

खाली स्लेडचा दोर थांबला. "कशाला?"

"तुझं काय चुकलं ते दाखवायचंय!"

भिंगरी कठड्याला धरून तशीच वाकून राहिली. मग खालून आवाज आला, "आले. हात धुऊन येते."

भिंगरी आत आली आणि भिंतीजवळची दुसरी खुर्ची ओढून आपल्या शेजारी ठेवली.