चौथ्या पायाखालचे पत्र

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. आरोग्य केंद्राच्या बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या कोपऱ्यात उभा असतो. बाकाने उठून आपली गोष्ट सांगावी असे माझ्या हातून काही घडलेले नाही. मुळात मला हातच नाहीत. टेकायला दोन दांडे आहेत, तेवढेच. पण एका पत्राची आठवण मनातून जात नाही. ते माझ्या नावाचे नव्हते. तरी कितीतरी महिने ते माझ्या चौथ्या पायाखाली घडी होऊन पडले होते आणि त्याला कुणी उत्तर दिले नव्हते. ती हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोडक्या दरवाज्यातून झाला. एका गोदामाचे जुने दार उतरवले, तेव्हा त्याच्या फळ्या एका तरुण सुताराने मागून घेतल्या. त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. दार होतो तेव्हा माणसे माझ्यातून निघून जात; बाक झाल्यावर ती माझ्याजवळ थांबू लागली. हा बदल मला आवडला.

माझी उंची कशी ठरली तेही सांगतो. मिस्तरींच्या पत्नीला तेव्हा दिवस गेले होते. मिस्तरींनी ठोकळे रचून त्यावर तिला बसवले.

"आता ऊठ बघू. गुडघ्यावर जोर येतोय?"

"येतोय."

त्यांनी आणखी एक फळी चढवली. "आणि आता?"

"आता नाही. पण काय हो, सगळ्या बायका माझ्याच मापाच्या असतात का?"

"नसतील. पण एक तरी माप खात्रीचं नको?"

त्या मापाने मी तयार झालो. मिस्तरींनी माझ्या सगळ्या कडा घासून गोल केल्या. आधीच दुखणे घेऊन आलेल्या माणसाला बाकाने आणखी टोचू नये, असे ते म्हणाले. पहिल्या डॉक्टरांनी माझ्यावरून हात फिरवून "वा!" म्हटले होते. ते "वा" मी अजून जपून ठेवले आहे.

माझे शिक्षण समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यांवर झाले. रोज तेच वाचायचे, दुसरे पुस्तक नाही. बाळाला कोणती लस कधी द्यावी, गरोदरपणी काय खावे, हात कसे धुवावेत, हे मला तोंडपाठ आहे. त्या सगळ्या तक्त्यांवर बायका आहेत, मुले आहेत. पुरुष एकच आहे, आणि तोही कातडी सोललेला, नुसते स्नायू दाखवणारा. त्यामुळे पुरुषांना आजार होत नाहीत अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

ती समजूत पक्की व्हायला दुसरेही कारण होते. माझ्यावर पुरुष पुष्कळ बसत, पण त्यांतला कुणीच आजारी नसे. तो सोबत आलेला असे. बायकोची पिशवी मांडीवर, डोळे दाराकडे. एकदा एक गृहस्थ असे खोकत होते की माझे खिळे हलले. सिस्टरनी विचारले, "तुम्हाला काय होतंय?"

"मला? मला काय धाड भरलीय? हिला दाखवायचंय," असे म्हणून ते पुन्हा खोकले.

मिस्तरीही त्यांच्यातलेच. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आता सगळ्यांच्या काकूंना, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दर महिन्याला दोघे येऊ लागले. तोवर केंद्रात प्लॅस्टिकच्या रंगीत खुर्च्या आल्या होत्या आणि मला कोपऱ्यात सरकवले होते. तिथली फरशी खचलेली. माझा चौथा पाय अधांतरी राहिला आणि मी डुगडुगू लागलो. मुले मुद्दाम माझ्यावर झोके घेत. मोठी माणसे "हा मोडका दिसतोय" म्हणून खुर्चीकडे वळत. मी मोडका नव्हतो. पण हे सांगायचे कसे, आणि सांगून कुणाला खरे वाटणार?

मिस्तरी मात्र माझ्यावरच बसत. आणि गेली एक-दोन वर्षे त्यांचे बसणे मला काळजीत टाकत होते. टेकले की लगेच उठायचे, मागच्या स्वच्छतागृहाकडे जायचे, तिथे फार वेळ लावायचे, आणि परत येऊन अवघडून काठावर टेकायचे. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

अशात एके दिवशी त्यांच्या हातात ते पत्र होते. केंद्रात महिन्यातून एकदा "पुरुषांची संध्याकाळ" सुरू झाली होती. काम बुडवावे लागू नये म्हणून संध्याकाळ. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर यायचे. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांना तशी पत्रे गेली होती, आणि पत्रालाच उत्तराचे कार्ड जोडलेले होते. "येणार" किंवा "येणार नाही" यावर खूण करायची, सही करायची, फाडून मोठ्या दवाखान्याच्या पत्त्यावर टपालात टाकायचे.

"काय आलंय?" काकूंनी विचारले.

"काही नाही. पन्नाशी उलटली की यांना आपला पुळका येतो."

"मग दाखवा की एकदा. सारखं सारखं उठावं लागतंय..."

"हळू बोल! जावई आत आहे."

मित्रांनो, खरी अडचण ही होती. मिस्तरींच्या लेकीचा नवरा याच केंद्रात ब्रदर होता. सिस्टर करतात तीच सगळी कामे तो करी: रक्त घेणे, पट्ट्या बांधणे, पेशंटला आत नेऊन निजवणे.

"असेना आत. तो काय परका आहे?" काकू म्हणाल्या.

"परका असता तर कधीच गेलो असतो! अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ऐकलं नाहीस कधी?"

"पण तो डॉक्टर कुठे आहे? ब्रदर आहे."

"मग तर आणखीच वाईट. डॉक्टर एकदा बघून जातो, ब्रदर सगळं बघतो. नंतर जेवायला बसल्यावर मी त्याच्या समोर मान वर कशी करू?"

एवढे बोलून ते तावातावाने मागे टेकले, आणि मी डुगडुगलो. त्यांनी दचकून खाली पाहिले. "माझं काम आणि डुगडुगतंय?" त्यांनी पत्राची घडी केली, तिची पुन्हा घडी केली, वाकले आणि ती माझ्या चौथ्या पायाखाली सारली. हाताने मला हलवून पाहिले. मी हललो नाही.

"बघ, आला की नाही कागद उपयोगी?"

काकू पिशवी उचलून गोळ्यांच्या खिडकीकडे गेल्या.

मी पुन्हा सरळ उभा राहिलो. लोक माझ्यावर बसू लागले. एक आजीबाई तर म्हणाल्या, "खुर्च्यांपेक्षा हाच बरा." मला आनंद व्हायला हवा होता. पण मी ज्याच्या आधाराने उभा होतो ते एका माणसाचे लपवलेले दुखणे होते, आणि तो माणूस माझा जन्मदाता होता. मी डुगडुगत होतो तोवर निदान कुणाच्या तरी लक्षात येत होते की काहीतरी बिघडले आहे.

पुढे एका सकाळी मिस्तरी मागून परत आले ते पांढरेफटक होऊन. काकूंच्या कानाशी लागून म्हणाले, "आज लाल दिसलं."

काकू ताडकन उठल्या. "चला आत."

"मी नाही. तू जा. तुझं म्हणून सांग."

"काय?"

"तुला होतंय असं सांग. तपासतील, औषध देतील, ते मी घेईन."

"अहो, मी बाई आहे!"

"लघवी ती लघवी. तिच्यात काय बाई न् बाप्या?"

काकूंनी कपाळावर हात मारला. पण काहीच न होण्यापेक्षा हे तरी होऊ दे, असे त्यांना वाटले असावे. त्या आत गेल्या आणि एक छोटी बाटली घेऊन बाहेर आल्या. मिस्तरी ती खिशात लपवून मागे गेले, भरून घेऊन आले. काकूंनी ती आपल्या नावाने खिडकीत दिली. पिशवी मांडीवर घेऊन मिस्तरी सुटकेचा श्वास टाकत बसले.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. काकूंजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "काकू, लघवीत रक्त आहे. मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीनं आतून तपासावं लागेल. घाबरू नका, पण उशीरही नको."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. मग पदर सारखा केला. "बरं. कधी जाऊ?"

"अगं, तू कुठे जातेस?" मिस्तरी पुटपुटले.

"कागदावर माझं नाव आहे."

"पण दुर्बीण... आतून..."

"तुम्ही जात नाही तर मी जाते. कुणाला तरी जायलाच हवं ना?"

मिस्तरींनी माझी कड घट्ट धरली. त्यांनीच गोल केलेली कड. समोर जावई कापसाचा डबा घेऊन उभा होता. शेजारी ते खोकणारे गृहस्थ होते. मी मनात म्हणत होतो, बोला हो, बोला!

"बाई," मिस्तरी म्हणाले, "ती बाटली हिची नाही."

"मग कुणाची?"

"हिचीच. म्हणजे... नाव हिचं आहे. माल माझा आहे."

खोकणारे गृहस्थ फस्सकन हसले आणि हसता हसता खोकू लागले. सिस्टर म्हणाल्या, "हसू नका. हसणाऱ्यांचा नंबर पुढचा आहे!"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी मिस्तरींना आत नेले, आणि ते बऱ्याच वेळाने बाहेर आले. बाई म्हणाल्या, "पुरुषांच्या संध्याकाळीचे मोठे डॉक्टर याच आठवड्यात येताहेत. मी त्यांना फोन करते. पण तपासणीला तयार असल्याचं तुमच्या सहीचं कार्ड लागतं. तुम्हाला पत्र आलं नव्हतं का?"

मिस्तरी खाली बघू लागले. तेव्हा जावई पुढे आला.

"मामा, पाकिटावरचं अक्षर माझंच होतं. तुम्ही घरी जेवताना मधेच उठायचात, मी बघायचो. विचारायचं धाडस झालं नाही. म्हटलं, टपालानं जाऊ दे." त्याचे कान लाल झाले होते. "मी त्या संध्याकाळी सुट्टी घेतो. दुसरा ब्रदर असेल. तुम्ही संकोच करू नका."

मिस्तरींनी प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"नको, जावईबापू. तुम्ही असा. इतकी वर्षं मी इथे सोबत म्हणून आलो. आता मला सोबत लागेल."

मग ते गुडघ्यावर बसले, मला एका हाताने उचलले आणि ते पत्र बाहेर काढले. घडी चपटी झाली होती. तिच्यावर माझ्या पायाचा चौकोनी ठसा उमटला होता. मिस्तरींनी कानामागची पेन्सिल काढली आणि "येणार" या शब्दापुढे, जिथे करवत चालवायची तिथे मारतात तशी ठसठशीत रेघ मारली. सहीसाठी जावयाने आपले पेन दिले. कार्ड जुने झाले म्हणून बिघडत नाही, सही ताजी हवी, असे सिस्टर म्हणाल्या.

मित्रांनो, मी लाकडाचा. मला उपदेश करण्याचा काय अधिकार? तरी एक मागणे मागतो. तुमच्याही घरात नेहमी सोबत येणारे कुणी असतील. वडील असतील, आजोबा असतील, काका असतील. ते पिशवी धरतात, रांगेत उभे राहतात, आणि स्वतःचे काही विचारले की धाड भरत नाही म्हणून सांगतात. त्यांना हसू नका, रागावूही नका. त्यांच्या शेजारी बसा आणि "तुम्हाला कसं वाटतंय?" एवढे विचारा. उत्तर लगेच आले नाही तर थोडे थांबा. थांबण्याचा मला बराच अनुभव आहे. त्याने कुणाचे नुकसान होत नाही. दुखणे घडी करून पायाखाली सारले की मात्र होते.

निघताना काकू माझ्यावर क्षणभर टेकल्या, आणि मी डुगडुगलो.

"अहो, हा पुन्हा हलायला लागला."

"हलू दे," मिस्तरी म्हणाले. "परत येईन तेव्हा लाकडाची चांगली पाचर घेऊन येतो."

"याल ना?"

"आता सही केलीय बाई!"

फाटकाजवळची टपालपेटी माझ्या कोपऱ्यातून उघड्या दारातून दिसते. मिस्तरी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. कार्ड पेटीच्या तोंडाशी धरून ते थोडे थबकले. काकू शेजारी होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. मग मिस्तरींनी कार्ड आत लोटले. काकूंनी वाकून पेटीत डोकावले, ते खरोखर आत पडल्याची खात्री करून घेतली, आणि मिस्तरींच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.