दोन रिंगा ग्वाटेमालाला

मी एक जुना टेलिफोन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझ्या अंगावर अधिकचं चिन्ह नाही. शून्य ते नऊ आकडे आहेत, एक चांदणी आहे, आडव्याउभ्या रेघांची एक जाळी आहे. अधिकचं चिन्ह तुमच्या मोबाइलवर असतं. ते नाही म्हणून मला कमी समजू नका. त्या चिन्हाचं जे काम, ते मी दोन शून्यांत करतो. हे मला बोलून सांगता आलं असतं तर एका घरातली एक वाईट सकाळ बरीच सोपी झाली असती. पण आम्हा टेलिफोनांचं असं आहे की आम्ही दुसऱ्यांचं बोलणं पोचवतो, स्वतःचं नाही.

माझा जन्म कर्नाटकातल्या एका कारखान्यातला. काळं अंग, पांढरी बटणं आणि पोटात खणखणीत घंटी. खोक्यात बसून मी या शहरात आलो तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. क्रांती चौकाजवळ राजेंद्र यांचं बूथ होतं. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ असं लिहिलेलं. आयएसडी म्हणजे परदेश. ही सोय मिळवायला राजेंद्र यांनी टेलिफोनच्या कचेरीत चपला झिजवल्या होत्या, म्हणून त्यांना तिचा फार अभिमान. रोज सकाळी ते मला कोरड्या फडक्याने पुसत. गिऱ्हाईक काचेच्या खोलीत शिरलं की न विचारताच शिकवणी सुरू होई.

"आधी दोन शून्य. ती दाबली की माणूस देशाच्या बाहेर पडला. मग देशाचा आकडा, मग गावाचा, मग घराचा. गावाच्या आकड्याआधी शून्य असंल तर ते गाळायचं. एवढं ध्यानात ठेवा, मग जगात कुठं बी लावा."

जगात कुठंही म्हणजे खरं तर आखातात. एक म्हातारे चाचा दर जुम्म्याला येत आणि म्हणत, "राजेंदर भाई, जेद्दा लगाव. छोकरा राह देख रा हुंगा." खुलताबादच्या उरुसाला आलेली माणसं घरी खुशाली कळवायला येत, आणि शिकायला आलेली वैजापूरकडची पोरं बापाशी जरा जपून बोलत. दुपारी राजेंद्र जेवायला गेले की त्यांची बायको रत्नमाला गल्ल्यावर बसे. दुपारचे फोन सगळे देशातल्या देशात, तेव्हा आकड्याआधी शून्य लावायचंच. तिच्या बोटाला त्या शून्याची सवय जडली ती कायमची.

तिला आणखी एक सवय होती. त्या काळी कोणी रस्ता खणला की आमच्या तारा तुटत आणि आम्ही मुके होत असू. त्यामुळे ती उगाचच रिसीव्हर उचलून कानाला लावी. "टोन हाय का बघते," म्हणे, आणि ठेवून देई. मला त्या सवयीचा वैताग येई. शांत पडलेल्याला कोणी सारखं उठवून झोपलास का विचारलं तर तुम्हाला कसं वाटेल?

त्यांचा मुलगा संघपाल पुढे शिकायला परगावी गेला. पोचला की तो माझ्यावर दोन रिंगा देई आणि ठेवून देई. उचलायचं कोणी नाही. दोन रिंगा म्हणजे पोचलो, बरा आहे. उचललं नाही की खर्चही नाही. वाळूजच्या मोटरसायकलच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली तेव्हा त्याने आईला सांगितलं, "आई, आता तू बोलायला पैसे नको घालू. तू नुसत्या दोन रिंगा दे. मी उलटा लावतो." तेव्हापासून रत्नमालाने मुलाला लावलेला एकही फोन पुरता वाजू दिला नाही. ही रीत त्या घरात इतकी मुरली की ती रीत आहे हेही सगळे विसरले.

मग घरोघरी मोबाइल आले. बूथ बंद झालं. पाटी उतरली. काही वर्षांनी राजेंद्र गेले, आणि मी मुकुंदवाडीतल्या घरी आलो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या खाली मेजावर मी. रत्नमालाने माझ्यावर लोकरीचं विणलेलं आच्छादन घातलं. प्रेमाने घातलं हे मला कळत होतं, तरी त्याखाली फार गुदमरायचं. पुढे माझी जुनी तार गेली आणि मला वायफायच्या डब्याला जोडलं. दर वेळी जोडणारा माणूस विचारी, "बाई, आयएसडी बंद करू का?" रत्नमाला म्हणे, "राहू द्या. त्यांनी लई खेटे घालून घेतली व्हती."

संघपालची बायको सोनिया यावर हसायची. ती शाळेत गणित शिकवते, मनाने चांगली, पण माझ्याशी तिचं कधी जमलं नाही. "आई, याच्यावर फक्त कर्ज घ्या म्हणणाऱ्यांचे फोन येतात," ती म्हणायची. "परदेशात आपलं आहे कोण?" मला राग येई, पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मग रूपाचा जन्म झाला. बाळाला मोठ्या मुश्किलीने झोप लागायची आणि नेमका मी खणखणायचो. एका दुपारी सोनियाने माझ्या कुशीला असलेली छोटी कळ खाली सरकवली. घंटी बंद. बाळ झोपलं. मलाही ते बरोबर वाटलं. आता रूपा बालवाडीत जाते आणि दुपारी झोपायचं नाव काढत नाही, पण माझ्या कळीची आठवण कोणाला राहिली नाही.

यंदा संघपालला कंपनीने ग्वाटेमालाला पाठवलं. तो देश मध्य अमेरिकेत आहे. इथून गाड्यांचे सुटे भाग खोक्यांतून तिकडे जातात आणि तिकडची माणसं ते जोडतात. ते जोडणं शिकवायला संघपाल गेला. राजधानीपासून लांब, डोंगरातल्या एका गावात, एका बाईंच्या घरी तो राहत होता. तो त्यांना मावशी म्हणायचा. रोज मोबाइलवर चेहरा दिसायचा. रूपा पडद्यालाच पापा घ्यायची. आच्छादनाखालून मी सगळं ऐकत होतो.

एके दिवशी चेहरा दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेसेज जात होते, पण पोचल्याची खूण होत नव्हती. मग सोनियाने बातमी वाचली की त्या भागात फार मोठा पाऊस झाला, दरडी कोसळल्या, रस्ते आणि मोबाइलचे मनोरे वाहून गेले. कंपनीतले लोक म्हणाले की आमचाही संपर्क होत नाही, कळेल तसं कळवू. रत्नमालाने गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं. असं त्या घरात कधी होत नसे.

त्याच दिवसांत माझ्या पोटात अधूनमधून फोन येऊन गेले. फोन आला की आतून थरथर होते, घंटीचा गोल दांडा धडपडतो, पण कळ बंद असेल तर आवाज होत नाही. कोणाचा फोन ते उचलल्याशिवाय आम्हाला कळत नाही. मी आपला थरथरलो आणि थांबलो. मित्रांनो, मला वाजायचं होतं हो.

सकाळी चहा तसाच ठेवून रत्नमाला म्हणाली, "सोनिया, मोबाइल लागत नाय तर नाय. साधा फोन लावू. तुझ्या त्या गूगलला इचार की, ग्वाटेमालाला फोन कसा लावायचा."

सोनियाने मोबाइलवर शोधलं. "देशाचा कोड पाचशे दोन आहे, आई," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

"काय झालं गं?"

"परवा मला शाळेत सारखा फोन येत होता. अधिक पाचशे दोनपासून सुरू होणारा. मी वर्गात होते. मला वाटलं फ्रॉड. परदेशी नंबर उचलू नका, उलटा लावू नका, असं आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर रोज येतं. मी कापला. मग ब्लॉक केला." तिने सासूच्या मोबाइलकडे बोट केलं. "तुमच्याही मोबाइलमध्ये मीच ब्लॉक करून ठेवला."

रत्नमाला खाली बसली. "म्हंजे त्यानं केला व्हता."

"त्यांनीच केला की दुसऱ्या कोणी, त्यांचं काही झालं म्हणून सांगायला? मला काय माहीत, आई. मी उचललाच नाही." सोनिया रडायला लागली.

रत्नमाला सोनियाला एक शब्दही टाकून बोलली नाही. "आता रडू नको. नंबर तर घावला ना? लाव."

सोनियाने ब्लॉक काढून तो नंबर मोबाइलवरून लावला. परदेशाची सेवा या मोबाइलवर सुरू नाही, असं यंत्रातली बाई म्हणाली. सासूच्या मोबाइलवरही तेच. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आच्छादन निघालं. किती दिवसांनी मी खोली नीट पाहिली. त्या दुःखातही मला थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"तिकडं आता काय वाजलं असंल?" रत्नमालाने विचारलं.

"आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. तिकडे अजून काल संध्याकाळच आहे. झोपले नसतील कोणी." सोनिया माझी बटणं न्याहाळत राहिली. "आई, याच्यावर अधिक कुठे आहे?"

"अधिक कशाला? दोन शून्य लाव. तुझे सासरे रोज तेच सांगायचे." रत्नमालाने मला पुढ्यात ओढलं. "दे, मीच लावते. तू सांग."

दोन शून्य. पाच, शून्य, दोन. इथवर सगळं बरोबर. पुढे सोनिया आकडे सांगायला लागली, पण त्याआधीच रत्नमालाच्या बोटाने एक शून्य दाबलं. परगावाला फोन, मग शून्य हवंच. मी आत ओरडत होतो की नको, तिकडे गावाचा वेगळा आकडाच नसतो, पाचशे दोननंतर घराचे आठ आकडे थेट लावायचे. पण माझ्याने फक्त टुक टुक एवढाच आवाज होतो.

पलीकडून एक बाई बोलली. गोड आवाज, परकी भाषा. रत्नमालाचा चेहरा उजळला. "घरमालकीणबाई हायेत," ती कुजबुजली आणि मोठ्याने बोलायला लागली. "नमस्कार मावशी. मी संघपालची आई. जय भीम. संघपालला द्या जरा. बरा हाय ना तो?"

बाई पुन्हा तेच बोलली. रत्नमाला म्हणाली, "व्हय, व्हय, संघपाल. त्याला बोलवा." बाई तिसऱ्यांदा तेच बोलली, त्याच सुरात, मग लाइन बंद झाली. रत्नमालाचा हात खाली आला. "ठिवला त्यांनी. काय तरी वाईट असंल म्हणून ठिवला."

ती टेप होती, मित्रांनो. आपण चुकीचा नंबर लावला आहे, एवढंच ती सांगत होती. त्या माउलीला हे कसं सांगावं, मला कळेना.

सोनियाने डोळे पुसले. गणिताच्या बाईच ती, तिने मनात आकडे मोजले. "आई, तुम्ही पाचशे दोनपुढे शून्य लावलंत का?"

"लावलं की. बाहेरगाव नव्हं का?"

"माझ्याकडे आलेल्या नंबरात ते नाही. जसा आलाय तसाच लावू. दोन शून्य, पाचशे दोन, आणि हे आठ आकडे. मध्ये काही नाही."

रत्नमालाने पुन्हा लावला, या वेळी बोट आवरून. माझ्यातून आवाज गेला, समुद्रापार गेला, आणि तिकडे त्या डोंगरातल्या घरात घंटी वाजली. मला ती ऐकू आली. एक रिंग. दुसरी रिंग.

आणि रत्नमालाने फोन ठेवून दिला.

सोनिया बघतच राहिली. "आई, ठेवला का? लागला होता ना."

रत्नमालाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "आता गं. हातानंच ठिवला." मग जरा थांबून म्हणाली, "थांब. तो असंल तर लावंल."

"आणि नसतील तर?"

दोघी माझ्याकडे बघत बसल्या. रूपा आली आणि आजीच्या मांडीवर चढली.

मग माझ्या पोटात थरथर सुरू झाली. फोन आला होता. दांडा धडपडत होता आणि माझी कळ बंद होती. तीन माणसं हाताच्या अंतरावर बसलेली, आणि मला वाजता येईना. आयुष्यात इतका असहाय मी कधी झालो नाही. वाटलं, आता ती थरथर थांबेल, आणि या दोघी समजतील की त्याने लावलाच नाही.

रत्नमालाने रिसीव्हर उचलला. "टोन तरी हाय का बघते," म्हणाली.

टोन नव्हता. "जय भीम, आई," संघपाल म्हणाला.

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला दाबला. तोच बोलत राहिला. "मी बरा हाय. रस्ता बंद हाय, मोबाइल बंद हाय, मावशीचा हा एक फोन चालू हाय. परवापासून लावतोय, सोनिया कापती, घरचा कोणी उचलत नाय. मला लई भ्या वाटलं, तुमचंच काही झालं का म्हणून. आत्ता दोन रिंगा वाजल्या आन् बंद पडल्या. मावशी म्हणाल्या राँग नंबर. मी म्हणलं नाय, दोन रिंगांवर फोन ठेवणारं जगात एकच माणूस हाय."

मी तो आवाज जसाच्या तसा पोचवला. मग सोनियाचं रडणं तिकडे पोचवलं आणि रूपाचा पापा पोचवला. तिने तो माझ्या तोंडावरच घेतला, ओला आणि बिस्किटाचा.

फोन ठेवल्यावर सोनियाने मला उचलून उलटसुलट केलं. कुशीची कळ तिला दिसली. "आई, घंटी मीच बंद केली होती. रूपा झोपायची तेव्हा."

"तवा बरोबरच केलं व्हतं," रत्नमाला म्हणाली. "आता कर चालू."

कळ वर सरकली. सोनियाने मोबाइलवरून मला एकदा फोन लावून पाहिला. मी असा खणखणलो की रूपाने कानांवर हात ठेवले.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल, टेलिफोन किंवा आणखी काही, किंवा कोपऱ्यात बसलेलं एखादं माणूस. कोणाच्या तरी झोपेसाठी तुम्ही त्याला गप्प केलं असेल, तर त्यात काही वाईट नाही. फक्त बाळ उठलं की कळ पुन्हा वर सरकवा.