आयतु

आमच्या अप्पांना मराठी कधी धड आली नाही. भालकीकडच्या एका खेड्यात जन्म, घरात कानडी, आणि बहात्तरच्या दुष्काळात बायको, सात वर्षांची मी आणि पाने-हातोड्यांची पिशवी घेऊन ते लातूरला आले. तरी त्यांच्या एका शब्दावर इथली एक अख्खी गल्ली पंधरा वर्षं विसंबून राहिली. तो शब्दही कानडीच होता.

अप्पा, म्हणजे चंद्रप्पा मिस्त्री, हापसे दुरुस्त करत. त्या साली जिथं तिथं बोअर पाडून हापसे बसवले जात होते आणि महिन्याभरात बंद पडत होते. अप्पांना पार औशाहून बोलावणं येई. त्यांची कामाची तऱ्हा ठरलेली. आधी पाइपाला कान लावून ऐकायचं, मग खोलायचं. झिजलेल्या वायसराच्या जागी जुन्या चपलेचं चामडं कापून बसवायचं. पहिली घागर स्वतः हापसून झाडाला ओतायची, कारण तिच्यात गंज उतरतो. दुसऱ्या घागरीला स्वच्छ पाणी आलं की हात पुसून म्हणायचे, "आयतु." म्हणजे झालं. तोवर बायका घागर लावत नसत. कुणी घाई केलीच तर दुसरी दटावायची, "थांब की बाई, मिस्त्री अजून आयतु म्हनला न्हाई."

लातुरात आलो तेव्हा आमच्याच जातीच्या एका दुकानदाराकडे जागा मागितली. त्यानं गाव विचारलं, मठ विचारला, सोयरे विचारले आणि शेवटी जागा नाही म्हणून सांगितलं. जागा दिली चांगुणामावशीनं. ती बौद्धवाड्यातली, मजुरी करणारी, नवरा वारलेला, पदरात सुमन नावाची मुलगी. तिच्या पडवीत आम्ही दीड वर्ष काढलं. पहिल्या दिवशी तिच्या घरचं पाणी घेताना माझ्या आईनं, नीलम्मानं, हात आखडता घेतला. अप्पांनी तांब्या उचलला आणि घटाघटा प्याले. मला त्यांचा पुष्कळ राग आहे, पण त्या तांब्यासाठी मी त्यांना बरंच माफ केलं आहे.

पुढं ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. कमानी उभ्या राहिल्या, साहेबलोक आले, त्यांच्यासाठी वसाहती आल्या. नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा गल्लीनं अप्पांना उभं केलं. विरोधक म्हणायचे, हा कानडी मुलखातून आला आणि आयती खुर्ची मागतो. चांगुणामावशी भर सभेत ओरडली, "आयती न्हाई रे मुडद्यांनो, आयतु!" लोक पोट धरून हसले आणि अप्पा निवडून आले.

खरी गोम इथंच आहे. कानडीत आयतु म्हणजे झालं. आणि आयतु म्हणजे नुसतं बरं, ठीक आहे, असंही. आमच्या घरात दोन्ही अर्थ सुखानं नांदत होते. हातात पाना होता तोवर अप्पा गल्लीत पहिल्या अर्थानं बोलले. नगरसेवक झाल्यावर रोज पन्नास माणसं दारात यायची आणि ते सगळ्यांना दुसऱ्या अर्थाचं आयतु वाटत सुटले. ऐकणारे मात्र पहिलंच ऐकत होते.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा पुन्हा कोरडा आला. बौद्धवाड्यातलं बोअर आटलं. तिथं कान लावून उपयोग नव्हता, नवं बोअरच हवं होतं. चांगुणामावशी आमच्या नव्या घरी आली. अप्पा कुठल्याशा साहेबांच्या सत्काराला निघाले होते.

"मिस्त्री, बोर पायजे बगा. बाया खानीतलं पानी आनायल्यात. लई खोल हाय."

"आयतु, आयतु," अप्पा टोपी नीट करत म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मी दारातच होते. ते कोणतं आयतु होतं ते मला कळलं. तिला सांगायला हवं होतं. पण मावशीचा चेहरा असा उजळला होता की माझी जीभ रेटली नाही. तिला चहा देऊन मी गप्प बसले.

आठवड्यानं गल्लोगल्लीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन नगरपालिकेवर गेल्या. चांगुणामावशीनं आपल्या बायकांना मात्र घरीच ठेवलं. "मिस्त्री आयतु म्हनलाय. आता वरडायचं कशाला?" ज्यांनी आरडाओरडा केला त्यांना बोअर मिळाली. एक उरलं होतं, ते साहेबांच्या वसाहतीला देऊ असं ठरलं. त्या बैठकीत अप्पांनीही हात वर केला होता.

मे महिन्यात भर दुपारी खाणीच्या पायऱ्यांवरून चांगुणामावशीचा पाय घसरला. सुमनबाई आमच्या दारात आली, रडत नव्हती. "माय गेली, आण्णा," एवढंच अप्पांना म्हणाली आणि परत फिरली.

अप्पा जमिनीवर बसले. मी त्यांना सोडलं नाही. विचारलं, "तिला तुम्ही झालं म्हणालात की बरं म्हणालात?"

"बरं म्हनलो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नुसतं बरं म्हनलो होतो गं मी."

दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेच्या इंजिनिअरच्या दाराशी जाऊन बसले आणि उठेनात. मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी बौद्धवाड्यात बोअर पडलं. इतकं सोपं होतं ते, हेच मला सहन होत नाही.

हापसा अप्पांनी स्वतः बसवला. टोपी काढून ठेवली, जुनी पिशवी आणली, सवयीनं पाइपाला कान लावला. पहिली घागर मावशीच्या दारातल्या लिंबाला ओतली. दुसरीला नितळ पाणी आलं. बायका रांगेत होत्या, पुढं सुमनबाई, आईची घागर घेऊन. अप्पा हात पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसतच राहिले. घागर कुणीच पुढं केली नाही.

"आयतु म्हना की, आण्णा," सुमनबाई म्हणाली. "बाया थांबल्यात."

अप्पांचे ओठ हलले. "न्हाई," ते म्हणाले. "कसं म्हनू, माय? कुठं झालं?" आणि सगळ्यांदेखत खाली बसून रडू लागले. आयुष्यात मी त्यांना तेव्हाच रडताना पाहिलं.

सुमनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग बायकांकडे वळली आणि म्हणाली, "आयतु. लावा घागरी."

अप्पा उठले आणि अंधार पडेस्तोवर एकटेच सगळ्यांना हापसून देत राहिले. पुन्हा तो शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही, घरातही नाही. आता तेही गेले. सुमनबाई आहे, जाता-येता भेटते, हसते. ती त्या दिवशी झालं म्हणाली की नुसतं बरं म्हणाली, हे तिला विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.