मधली फळी

मित्रांनो, मी बी पेरायची एक जुनी पेटी आहे. दोन चाकं, एक दांडा आणि तळाशी भोकांच्या दोन रांगा, एवढाच माझा संसार. मला इंजिन नाही हे मान्य, पण म्हणून कोणी मला खोकं म्हटलं की माझा पारा चढतो.

सुतारकाकांनी मला घडवलं ते गुरांच्या चाऱ्यासाठी. माझ्या पोटात मधोमध त्यांनी एक लांब फळी बसवली. एका बाजूला गवताचं बी, दुसऱ्या बाजूला लसूणघासाचं. गवताचं बी भुशासारखं हलकं. लसूणघासाचं बारीक, पण वजनदार. दोन्ही आपापल्या भोकांतून एकाच सरीत पडायची आणि शेजारी शेजारी उगवायची. लसूणघासाने दूध वाढतं, जमिनीचा कस वाढतो. पण उपाशी गाईने नुसता ओला लसूणघास भराभर खाल्ला, तर तिचं पोट फुगतं. सोबत गवत असलं की बहुधा निभावतं.

घरची थोरली सून मला चालवायची. तिला सगळे वहिनी म्हणत. दरवर्षी ती चाकांना तेल द्यायची, भोकांत काडी घालून ती साफ करायची. "पेटी आहे म्हणून माझं रान असं एकसारखं उगवतं," असं ती शेजारणींना सांगायची, आणि मी फुशारून जायचे.

एका वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी वहिनी तीन महिने बाहेर होती. पेरणी तिच्या धाकट्या दिराकडे आली. माणूस कष्टाळू, पण धीर म्हणून नाही. दोन खण वेगवेगळे भरायचे त्याच्या जिवावर आलं. "ही फळी म्हणजे नुसती अडचण," असं म्हणत त्याने स्क्रू काढले, फळी खोलीत नेऊन तिच्यावर रेडिओ ठेवला आणि दोन्ही बिया एकत्र कालवून मला काठोकाठ भरलं.

ढेकळांवरून मी हादरत निघाले. हादऱ्यांनी जड बी तळाशी गेलं, हलकं वर राहिलं. गोठ्याजवळच्या अर्ध्या रानात जवळजवळ नुसता लसूणघास पडला आणि पलीकडच्या अर्ध्यात गवत. मला सगळं कळत होतं, पण करते काय?

रोपं वर आली तेव्हा दिरालाही कळलं. तो बांधावर बराच वेळ उभा राहिला. मग "जाऊ दे, खाणार तर गाईच," असं पुटपुटत घरी गेला.

वहिनी एका संध्याकाळी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोठ्याचं दार उघडलं.

"काय दाट आलंय हो, भाऊजी!"

"हो ना," शेजारी उभा असलेला दीर म्हणाला. एवढंच.

तीन महिने कोरड्या चाऱ्यावर काढलेल्या गाई दवाने भिजलेल्या लसूणघासावर तुटून पडल्या. वहिनीची लाडकी गाय, लाडी, सगळ्यांत पुढे होती. दुपारच्या आत तिची डावी कूस टम्म फुगली. गुरांचे डॉक्टर धावत आले, पण तोवर ती गेली होती.

चार दिवस वहिनी धड जेवली नाही. "माझंच चुकलं, उपाशीपोटी सोडलं मी तिला," असं ती येईल त्याला सांगत होती. पाचव्या दिवशी दीर फळी घेऊन तिच्यासमोर आला.

"वहिनी, चूक तुमची नाही. ही मी काढली होती. आणि काय उगवलंय ते मला आधीच दिसलं होतं."

वहिनीने फळीवरून हात फिरवला.

"फळी काढलीत त्याचं काही नाही, भाऊजी. माणसाचं चुकतं. पण मी दार उघडलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच होतात ना?"

तो स्क्रू घेऊन आला आणि फळी माझ्या पोटात परत बसवू लागला. मलाही फार वाईट वाटलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, चाकांना तेल द्या, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. हातून काही बिघडलं, तर ज्याला त्याची झळ बसणार आहे त्याला वेळेवर सांगा. मला बोलता आलं असतं, तर लाडी आज रानात चरत असती.