हैबतरावांची दाढी आणि माझं कूळ

मी ‘सलून’ बोलतोय. दुकान नव्हे, शब्द.

माझे पूर्वज जर्मन मुलखातले. तिथे त्यांचा अर्थ होता साधी मोठी खोली. इटलीत ते अंगाने वाढले आणि फ्रान्समध्ये थेट दिवाणखाना झाले. तिथे रेशमी कपड्यांतली माणसं बसून एकमेकांची स्तुती करत. इंग्रजांनी मला घरी नेलं आणि कात्रीच्या कामाला लावलं. त्यांच्याबरोबर इकडे आलो. ते गेले, मी राहिलो.

१९५३ साली हमरापूरच्या एका गणपती रंगवणाऱ्याने मला पेणच्या बाजारात पाटीवर रंगवलं. आत एक आरसा, एक खुर्ची, एक बाक. मालक हिरामण. तोवर तो वस्तरा-कात्रीची धोकटी घेऊन लोकांच्या ओटीवर जाई. आता त्याने सांगून टाकलं, “दाढी दुकानातच.”

गावातलं बडं प्रस्थ म्हणजे हैबतराव. त्यांनी निरोप धाडला, “त्याला म्हणावं, ओटीवर ये. मी न्हाव्याच्या दारात जायचा नाय.”

ते येईनात, म्हणून कुणीच येईना. महिनाभर खुर्ची रिकामी. हिरामणची बायको रंभा म्हणाली, “अवो, जावा एकदा त्यांच्याकडं. खुर्ची काय शिजवून खायची हाय?”

“गेलो तर पाटी उतरवूनच जाईन गो.”

इकडे हैबतरावांच्या दाढीत भाताची शितं अडकू लागली, आणि सोमवारी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. शेवटी त्यांनी मोरोपंत मास्तरांना विचारलं, “या सलूनाचं कूळ काय हो?”

मास्तरांनी जाडजूड कोश उघडला. “फ्रान्सकडचं आहे. दिवाणखाना.”

“मंग दिवाणखान्यात बसाया कसली लाज? उद्याच जातो!”

माणसांची कुळं काढतात हे मला ठाऊक होतं. शब्दाचंही कूळ बघून पायरी चढतात, हे तेव्हा कळलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. सकाळी हैबतराव आले तेव्हा बाकावर दोघे बसलेले, आणि खुर्चीत मिठागरावरचा सखा, गालभर साबण.

“ऊठ रे,” हैबतराव म्हणाले.

सखा अर्धा उठलाही. हिरामणने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बस. हैबतराव, दिवाणखाना माझा हाय, तुम्ही पाव्हणे. त्या दोघांच्या शेजारी बसा.”

हैबतराव दाराकडे वळले. मग दाढी खाजवली, आणि बाकावर बसले.

आता पेणपासून रोह्यापर्यंत नव्या पाट्यांवर ‘हेअर स्टुडिओ’ लिहितात. मला राग नाही. एवढंच मागणं आहे: त्या नव्या शब्दाचे वाडवडील शोधत बसू नका. आत कात्री घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं नाव विचारा, आणि त्याला ‘अहो’ म्हणा.